दारूगोळा त्यांचा, चौकशीही त्यांचीच?

सोलापूर रेल्वे विभागात दुहेरीकरणाचा एखादा टप्पा पुरा झाला की वर्तमानपत्रांत एक ठरीव बातमी येते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी ट्रॉलीवरून पाहणी केली, वेगाची चाचणी घेतली आणि हिरवा कंदील दाखवला. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. त्या बातमीतली मेख अशी, की रूळ टाकणारे, पूल बांधणारे, सिग्नल बसवणारे सगळे रेल्वेचे असले तरी हा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचा नोकर नसतो. तो नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो. इंग्रजांच्या काळात, 1941 साली, रेल्वे निरीक्षकांना रेल्वे बोर्डाच्या हाताखालून मुद्दाम बाहेर काढलं, आणि स्वातंत्र्यानंतर आपणही ती व्यवस्था मोडली नाही. मोठा अपघात झाला की चौकशीलाही हाच माणूस येतो. आणि हे आयुक्त कुठून तरी उपटलेले परके नसतात. रेल्वेतच मुरलेले अभियंते असतात. जाणकार घरचा, पण त्याची वेसण घरच्यांच्या हातात नाही.

युद्धनौकांवरच्या दारूगोळ्याला हीच सोय हवी, एवढंच मला सांगायचं आहे.

सोलापूरच्या माणसाने नौदलावर का बोलावं, असं कोणी विचारील. आमच्याकडे पाण्याचा मोठा साठा म्हणजे उजनी, आणि तोही उन्हाळ्यात 'मायनस'मध्ये जातो. कबूल. पण नौदलात भरती होणारी पोरं इथल्या खेड्यांतूनही जातात, करही इथून जातो. आणि या दारूचं मूळ आमच्या ओळखीचं आहे. तोफेतला गोळा पुढे ढकलणारी जी दारू असते, जिला प्रोपेलंट म्हणतात, तिचा पाया कापूस आहे. 1846 साली शनबाईन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून गनकॉटन तयार केलं. पुढे त्यातूनच धूर न करणारी दारू आली. ज्या कापसाची आम्ही चादर विणतो, त्याच्याच तंतूंतून युद्धनौकेचं कोठार भरलं गेलं.

या दारूचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलणं फुकट आहे. मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. काळी बारूद कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं तशीच राहते. नायट्रोसेल्युलोज तसं नाही. ते कोठारात नुसतं पडलेलं असतानाही कणाकणाने विघटित होत असतं. त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड सुटतात, आणि हेच वायू पुढच्या विघटनाला आणखी पळवतात. उष्णता बाहेर पडते. ती निघून जायला वाट नसेल तर आत साठते. ओला कडबा गंजीत रचला की गंज आतून तापते, बाहेरून हात लावून काही कळत नाही आणि एक दिवस धूर निघतो, हे आमच्या मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इथेही जवळपास तेच होतं.

त्यावर उपाय म्हणून दारूत डायफिनाइलअमाइनसारखं एखादं स्थिरक द्रव्य मिसळतात. सुटणारे वायू ते शोषून घेतं. पण शोषता शोषता ते स्वतः संपत जातं, आणि कोठार जितकं गरम तितकं लवकर संपतं. म्हणून जहाजावरच्या कोठाराचं तापमान रोज मोजून वहीत लिहायचं असतं, ठरावीक काळाने प्रत्येक लॉटमधला नमुना काढून स्थिरक किती उरलंय ते तपासायचं असतं, आणि संपत आलेला लॉट बाहेर काढून नष्ट करायचा असतो. यात गूढ काहीच नाही. थर्मामीटर, वही आणि साधी प्रयोगशाळा. अडतं ते वही भरणाऱ्यापाशी आणि वही तपासणाऱ्यापाशी.

कोठार फुटण्याची किंमत कोणकोणत्या नौदलांनी मोजली ते पाहिलं तर थक्क व्हायला होतं, कारण यातले बहुतेक स्फोट लढाईत झालेच नाहीत. फ्रान्सची इएना ही युद्धनौका 1907 मध्ये तुलोंच्या गोदीत उडाली आणि लिबर्ते 1911 मध्ये त्याच तुलोंच्या बंदरात. दोन्ही वेळी बोट जुन्या, बिघडलेल्या दारूकडे दाखवलं गेलं. ब्रिटनची बुलवर्क नोव्हेंबर 1914 मध्ये नांगरावर उभी असताना सातशेहून जास्त माणसांसह गेली. जुलै 1917 मध्ये स्कापा फ्लो या सुरक्षित तळावर व्हॅनगार्डचा स्फोट झाला, आठशेच्या वर माणसं गेली. जपानची मुत्सु 8 जून 1943 ला हाशिराजिमाच्या नांगरतळावर फुटली. अकराशेच्या वर मेले. शत्रू यातल्या एकाही ठिकाणी आसपास नव्हता.

आता या स्फोटांच्या चौकशांकडे वळू, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

15 फेब्रुवारी 1898 च्या रात्री, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्युबातल्या हवानाच्या बंदरात, अमेरिकेची मेन ही युद्धनौका फुटली. अमेरिकी नौदलाच्या चौकशी मंडळाने निष्कर्ष काढला की बाहेरून सुरुंग लागला. दोन महिन्यांत स्पेनशी युद्ध पेटलं. 1976 साली अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून ते प्रकरण पुन्हा तपासून घेतलं, तेव्हा बहुधा कोळशाच्या कोठीत लागलेली आग शेजारच्या दारूकोठारापर्यंत पोचली असावी, असं पुढे आलं. मुत्सुच्या बाबतीत जपानी नौदलाने संशय टाकला तो चोरीचा आरोप असलेल्या एका चिडलेल्या खलाशावर. तो स्फोटातच मेला होता, म्हणजे उत्तर देणार कोण? वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पॅसिफिकमधल्या दूरदूरच्या ठाण्यांवर पाठवून दिलं, बातमी फुटू नये म्हणून.

आणि मग अमेरिकेची युद्धनौका आयोवा. 19 एप्रिल 1989. पोर्टो रिकोजवळ सराव चालला होता. दोन नंबरच्या टरेटमधल्या, म्हणजे तोफांच्या फिरत्या बुरुजातल्या, मधल्या तोफेत गोळा सरकवला होता, त्याच्यामागे दारूच्या पाच पिशव्या. 16 इंची तोफेची दारू रेशमी कापडाच्या पिशव्यांत भरलेली असते. यांत्रिक दट्ट्या त्या पिशव्या नळीत हळू ढकलतो. तोफेचं तोंड मागून बंद होण्याआधीच दारू पेटली आणि 47 खलाशी मेले. दारू चार दशकांहून जुनी होती, आणि आदल्या उन्हाळ्यात ती वातानुकूलन नसलेल्या बार्जमध्ये ठेवलेली होती. गोळ्याचं वजन आणि दारूचा प्रकार यांची जी जोडी त्या दिवशी वापरली, तिला परवानगी नव्हती.

नौदलाच्या चौकशीने काय सांगितलं? एका खलाशाने आत्महत्येच्या इराद्याने स्फोट घडवला. तो खलाशीही मेलेल्यांत होता. त्याच्या मनाचं विश्लेषण मेल्यावर मागवलं गेलं, त्याच्या खासगी आयुष्याची चर्चा टीव्हीवर झाली. घरच्यांनी ऐकून घेतलं नाही. अमेरिकी संसद मध्ये पडली, आणि तांत्रिक तपास सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे गेला. सँडियाच्या शास्त्रज्ञांना दिसलं की दट्ट्या ठरल्यापेक्षा सुमारे दोन फूट जास्त आत गेला होता. जोरात आणि जास्त ढकललं तर पिशवीतल्या दारूच्या गोळ्या चिरडून आपोआप पेटतील का, हे बघायला पिशव्यांची उतरंड रचून वरून वजन टाकायचं ठरलं. मे 1990 मध्ये, अठराव्या वेळी, दारू पेटली. स्फोटक यंत्राचे म्हणून जे रासायनिक अंश नौदलाला सापडले होते, ते समुद्राच्या पाण्यातून आणि वंगणातूनही येऊ शकतात, हेही दिसलं. ऑक्टोबर 1991 मध्ये नौदलप्रमुखांनी त्या खलाशाच्या कुटुंबाची माफी मागितली. स्फोट नक्की कशाने झाला ते सांगता येत नाही, असं अखेर मान्य केलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: सँडियाला ती जुनी दारू रासायनिकदृष्ट्या अस्थिर आढळली नाही. बार्जचा उन्हाळा हा दोषी ठरला नाही. म्हणजे 'जुनी दारू, म्हणून स्फोट' हा माझ्यासारख्या रसायनवाल्याला आवडणारा निकालही चुकीचा ठरला असता. पण ते कळायलासुद्धा बाहेरचा माणूस यावा लागला.

मेन, मुत्सु, आयोवा. तीन वेगळ्या काळांतले प्रसंग, आणि तिन्हीत चौकशीला बसलेल्यांना गुन्हेगार सापडला तो व्यवस्थेबाहेर: परका शत्रू, नाहीतर मेलेला खलाशी. हे लोक लबाड होते असं मी म्हणत नाही. पण ज्या अधिकाऱ्याने उद्या त्याच वरिष्ठांच्या हाताखाली काम करायचं आहे, तो कोठाराच्या वहीकडे पहिलं बोट दाखवेल, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही.

वहीकडे बोट दाखवणारा माणूस आतून मिळतच नाही, असंही नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी झालेल्या जटलंडच्या सागरी लढाईत, 31 मे 1916 ला, ब्रिटनच्या तीन बॅटलक्रूझर, म्हणजे वेगवान पण पातळ चिलखताच्या मोठ्या युद्धनौका, एकामागून एक फुटल्या. तीन हजारांहून अधिक माणसं गेली. लोक बराच काळ पातळ चिलखताला दोष देत राहिले. पण तोफा भराभर डागायच्या म्हणून कोठारांची दारं उघडी ठेवायची, कॉर्डाइटच्या, म्हणजे त्याच धूर न करणाऱ्या दारूच्या, पिशव्या डब्यांतून आधीच काढून वाटेत रचायच्या, ही सवय त्यामागे होती. लायन या जहाजावर ग्रँट नावाचा मुख्य गनर आला होता. तो काही मोठा हुद्देदार नव्हता. त्याने ही सवय मोडली: कोठाराचं एकच दार वापरायचं, डबे लागतील तेवढेच उघडायचे. त्याच लढाईत लायनच्या टरेटवर गोळा पडला, आतली जवळजवळ सगळी माणसं गेली, मरता मरता मेजर हार्वी यांनी कोठारात पाणी सोडायचा हुकूम दिला, आणि जहाज वाचलं. ग्रँट एका जहाजावर होता. बाकीच्यांवर नव्हता. चांगला माणूस मिळाला तर जहाज वाचतं, हे मला पुरेसं वाटत नाही.

आपल्याकडे काय आहे? 14 ऑगस्ट 2013 ला मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले. ती नुकतीच रशियातून आधुनिकीकरण करून आली होती, शस्त्रास्त्रं भरलेली होती. 18 जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत सिंधुरत्न या पाणबुडीत धुराने दोन अधिकारी मरण पावले आणि नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. राजीनाम्याचं कौतुक व्हायलाच हवं; पण त्याने लोकांपुढे माहिती आली नाही. सिंधुरक्षकच्या चौकशीचा पूर्ण अहवाल आजही जनतेसमोर नाही. 2017 मध्ये कॅगने संसदेत जे मांडलं ते त्याहून बोलकं आहे: 2007-08 ते 2015-16 या काळात नौदलाच्या जहाजांना आणि पाणबुड्यांना 38 अपघात झाले, 33 जीव गेले, आणि सुरक्षेसाठी वेगळी संस्थात्मक चौकट नौदलात उभीच नव्हती. तशी संघटना उभारायचं 2014 मध्ये ठरलं होतं, पण कॅगने पाहिलं तेव्हाही सरकारच्या मंजुरीची वाट बघणं चाललं होतं.

जमिनीवरचंही सांगून टाकतो. जटलंडनंतर बरोबर शंभर वर्षांनी, 31 मे 2016 ला, वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली आणि लष्कराचे जवान व अग्निशमन कर्मचारी गेले. योगायोगाला अर्थ नसतो. पण एवढ्या शंभर वर्षांत कोठार सांभाळणारा आणि चौकशी करणारा वेगळा असावा, एवढं तरी व्हायला हवं होतं.

कायदा काय म्हणतो ते बघा. आमच्या होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम होतं, तर त्या दारूला 1884 चा स्फोटक कायदा लागू. दिवाळीतल्या फटाक्यांच्या स्टॉलला लागू. 1 जानेवारी 2023 ला बार्शी तालुक्यात फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला, तिथेही लागू; जीव गेला तर जिल्हा दंडाधिकाऱ्याने चौकशी करायची. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. तो कायदा वेगळा, पण तिथेही महापालिका, एमआयडीसी, कारखाना निरीक्षक, पोलीस असे मालकाबाहेरचे चार दरवाजे ठोठावता येतात. उघडतात किती ते सोडा. सैन्यदलांना मात्र स्फोटक कायद्यातल्या परवान्याच्या आणि साठवणुकीच्या तरतुदी लागू नाहीत. आणि कलम 9 सरळ सांगतं की सैन्यदलांच्या ताब्यातल्या जागेत किंवा जहाजावर अपघात झाला तर चौकशी त्या त्या दलानेच करायची.

साठवणुकीचे नियम संरक्षण खात्याकडे आहेत, त्यासाठी तज्ज्ञ समिती आहे, दिल्लीत डीआरडीओची आग आणि स्फोटक सुरक्षेची प्रयोगशाळा आहे, पुण्यात पाषाणला उच्च ऊर्जा पदार्थांची प्रयोगशाळा आहे. जाणकारांचा तुटवडा नाही. फक्त सगळे एकाच मंत्रालयाच्या छपराखाली आहेत.

जुळे सोलापुरात माझ्या ओळखीचे एक निवृत्त नौसैनिक राहतात, तोफखान्यातले. त्यांच्यापुढे हे मांडलं तेव्हा ते भडकलेच. "सर, कोठारात उतरायचं तर काडेपेटी, लायटर वर काढून ठेवायची. किल्ली कोण नेली, कधी आणली, सही. तापमान रोज. बाहेरचा साहेब येऊन काय बघणार हो? त्याला शिडीवरून खाली उतरता तरी येतंय का?" जहाजाचं नाव विचारलं की ते अजून चहा मागवतात. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फायली बघणारा, कोठाराचा वास न घेतलेला निरीक्षक निरुपयोगीच नव्हे, तापदायकही असतो. म्हणून तर रेल्वेचं उदाहरण दिलं. निरीक्षक नौदलात वीस वर्षं काढलेला, शस्त्रास्त्रं हाताळलेला असू दे. फक्त एकदा तिकडे गेला की परतीचं पोस्टिंग नको, आणि त्याचा गोपनीय शेरा नौदलाने लिहायला नको.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. एखाद्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती, जहाजावर ती किती आहेत, हे गुपित राहायलाच हवं. पण कोठाराचं तापमान किती होतं, लॉटमधलं स्थिरक शेवटचं कधी तपासलं, दार उघडं का होतं, यातून शत्रूला काय मिळणार? शिवाय स्वतंत्र म्हणजे चव्हाट्यावर असा अर्थ नाही. सँडिया तर अण्वस्त्रांची प्रयोगशाळा. तिच्या पोटात अमेरिकेची सगळ्यात मोठी गुपितं. ब्रिटनच्या हवाई दलाचं निमरॉड विमान 2006 साली अफगाणिस्तानात पडून 14 जण गेले. त्यावरच्या चौकशीचा परखड अहवाल 2009 मध्ये छापला गेला, आणि सैन्यदलांसाठी कमांडच्या साखळीबाहेरची सुरक्षा यंत्रणा पुढे उभी राहिली. तिथे अपघातांचे अहवाल नावं आणि संवेदनशील ओळी काळ्या करून प्रसिद्ध होतात. आपल्याकडे अख्खं पानच काळं असतं. माहिती दाबायची सवय इथे जुनी आहे म्हणा. 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे मालवाहू जहाज सुमारे चौदाशे टन स्फोटकांसह फुटलं, वर कापसाच्या गाठी भरल्या होत्या. आग विझवायला गेलेले 66 जवान गेले. युद्धकाळातल्या सेन्सॉरशिपमुळे देशातल्या वर्तमानपत्रांना ती बातमी लगेच छापता आली नाही. त्या जवानांच्या स्मरणार्थ त्या तारखेपासून दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतात. पाळणाऱ्या किती जणांना ते जहाज माहीत असेल, देव जाणे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. युद्धात धोका पत्करायचा हक्क कप्तानाचा आहे. निरीक्षकाच्या परवानगीने लढाई होत नाही. मान्य. 1967 मध्ये अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू नौकेवर जुने, बिघडलेले बॉम्ब नाइलाजाने घ्यावे लागले, अधिकाऱ्यांचा विरोध असताना, कारण व्हिएतनामवर रोज हल्ले चालले होते आणि नवे बॉम्ब पुरत नव्हते. आग लागली तेव्हा ते जुने बॉम्ब दीडएक मिनिटात फुटले. 134 जण गेले. त्यानंतर अमेरिकेने आगीत सहज न फुटणाऱ्या दारूगोळ्यावर मेहनत घेतली, आणि आजची क्षेपणास्त्रं त्या मानाने कितीतरी सुरक्षित आहेत. पण इथेही पाहा: मेन, बुलवर्क, व्हॅनगार्ड, मुत्सु, सिंधुरक्षक, सगळी बंदरात किंवा नांगरावर. शांतपणे उभ्या जहाजाचं कोठार तपासायला युद्धाची सबब पुरत नाही. युद्ध जाहीर झालं तर निरीक्षकाने बाजूला व्हावं, असा नियम खुशाल करा.

तपासणीसाठी नियम नव्याने करावे लागतील. चौकशीसाठी तेवढंही लागत नाही. स्फोटक कायद्याचं कलम 9 जसं चौकशी दलाकडे देतं, तसंच त्याच्या पुढचं कलम 9 अ केंद्र सरकारला मुभा देतं की अपघात गंभीर वाटला तर मुख्य स्फोटक नियंत्रक किंवा अन्य सक्षम व्यक्तीकडून औपचारिक चौकशी करवून घ्यावी, सोबत जाणकार सहायकही नेमावेत. मुख्य स्फोटक नियंत्रकांचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे, आणि ते संरक्षण मंत्रालयाखाली येत नाहीत.

सोलापूर जिल्ह्यातून सोलापूर आणि माढा असे दोन खासदार लोकसभेत जातात. त्यांच्यापैकी कोणी प्रश्न टाकणार असेल तर तो असा टाकावा: सिंधुरक्षकच्या बाबतीत कलम 9 अ वापरायचा विचार झाला होता का, नसेल तर का नाही, आणि चौकशी मंडळाचा अहवाल, हव्या त्या ओळी काळ्या करून, सभागृहाच्या पटलावर कधी ठेवणार.